नंबर १६ ची कोळीण : वाचकांचे प्रश्न, अभ्यासकांची उत्तरं

मागच्या अंकातल्या टिपणात आम्ही पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ‘नंबर १६’ या कोळिणीची माहिती दिली होती. ही गायस विलोसस जातीच्या कोळ्याची मादी. हे कोळी जाळ्यात नव्हे, जमिनीतल्या बिळात राहतात आणि बिळाच्या तोंडावर रेशमाचं, दारासारखं उघडणारं झाकण बसवतात. पर्थच्या पूर्वेला, टॅमिन गावाजवळच्या नॉर्थ बंगुला नावाच्या राखीव झुडपी रानात ती सुमारे ४३ वर्षं जगली, आणि तीही एकाच बिळात. टिपणावर बरीच पत्रं आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : ती ४३ वर्षं जगली हे कशावरून? एक मेली आणि त्याच बिळात दुसरी येऊन राहिली, असं झालं नसेल का? (विज्ञान शिक्षिका, बार्शी)

शंका अगदी रास्त आहे. या नोंदीचं सगळं मोल ‘तीच ती’ हे सिद्ध होण्यावर अवलंबून आहे.

बार्बरा यॉर्क मेन (१९२९–२०१९) या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी मार्च १९७४ पासून या रानातलं एकेक बीळ शोधून त्याच्याशेजारी क्रमांकाची खुंटी रोवायला सुरुवात केली. सोळाव्या खुंटीजवळच्या बिळात तेव्हा नुकतंच आईपासून वेगळं झालेलं पिल्लू होतं. पुढची चार दशकं मेन आणि नंतर त्यांचे सहकारी त्या खुंट्यांपाशी परत परत जात राहिले.

एकाच मादीची ओळख पटते ती तिच्या सवयींमुळे. मादी पहिल्यांदा जिथे खणते तिथेच जन्मभर राहते. बीळ मोडलं तर ती तेच दुरुस्त करते, दुसरीकडे जात नाही. मालकीण मेली की बीळ ढासळतं, झाकण कुजतं, आणि त्या रिकाम्या बिळात दुसरी मादी राहायला येत नाही. शिवाय, समजा खुंटीजवळ नवं पिल्लू आलंच, तरी ते लपत नाही, कारण पिल्लाचं झाकण अगदी लहान असतं. कोळीण वाढते, कात टाकते, तसं बीळ रुंदावते आणि झाकणाला कडेने नवा थर जोडते. म्हणजे झाकणाची रुंदी वर्षांमागून वर्षं वाढत गेली पाहिजे किंवा स्थिर राहिली पाहिजे. ती एकदम घटली तर बिळातली कोळीण बदलली असं समजायचं.

३१ ऑक्टोबर २०१६ रोजी संशोधिका लिअँडा मेसन तिथे पोचल्या, तेव्हा झाकणाला भोक पडलेलं होतं आणि बिळाची पडझड सुरू झाली होती. एका परोपजीवी गांधीलमाशीने झाकण भेदून आत अंडं घातलं असावं, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. अशा माशीची अळी कोळिणीलाच खाऊन वाढते. बातम्यांत ‘माशीने मारलं’ असं ठाम छापून आलं, पण प्रत्यक्ष हल्ला कोणी पाहिलेला नाही. पुरावा झाकणाच्या भोकाचा आहे. मेसन, ग्रँट वॉर्डेल-जॉन्सन आणि मेन यांचा शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीचा कोळ्यांच्या दीर्घायुष्याचा विक्रम बंदिस्त ठेवलेल्या एका टॅरंट्युलाचा (मोठ्या केसाळ कोळ्याचा), २८ वर्षांचा होता.

नर मात्र असा जगत नाही. काही वर्षांनी तो प्रौढ झाला की बीळ कायमचं सोडतो, मादीच्या शोधात फिरतो आणि त्याच हंगामात मरतो. दीर्घायुष्य या जातीत फक्त माद्यांच्या वाट्याला येतं.

प्रश्न : इतकं आयुष्य कशामुळे? (अंबाजोगाई)

कमी खर्चाच्या जगण्यामुळे. ही कोळीण शिकारीमागे धावत नाही, जाळं विणत बसत नाही, दारात बसून वाट पाहते. तिचा चयापचय मंद असतो आणि ती बराच काळ अन्नाशिवाय काढू शकते. या गटातल्या माद्या प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहतात. जमिनीखाली तापमान आणि ओलावा फारसे हलत नाहीत, त्यामुळे वर आग ओकणारा उन्हाळा असला तरी तिचं शरीर कोरडं पडत नाही. अर्थात हे सगळं वरचं रान शाबूत असेल तरच. मागच्या टिपणात हा मुद्दा आमच्याकडून नीट मांडायचा राहिला होता, म्हणून खालच्या उत्तरांत तो पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : फोटोत बिळाभोवती काड्या चक्राकार मांडलेल्या दिसतात. त्या वाऱ्याने आलेल्या, की तिने ठेवलेल्या? (कणकवली)

तिने ठेवलेल्या, आणि एकेक चिकटवलेल्या. या कोळिणीबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची असेल तर ती ही.

टॅमिनच्या भागात वर्षाला जेमतेम ३४० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्ट. रान झुडपांचं आहे. जमिनीतूनच अनेक खोडं फुटणारे बुटके निलगिरी (त्यांना मॅली म्हणतात), बाभळीच्या नात्यातले अकेशिया आणि आपल्या सुरूच्या कुळातले शीओक. भक्ष्य विरळ. कोळीण दारातून फार बाहेर येत नाही, तर तिचा पल्ला तिच्या पायांच्या लांबीइतकाच. मुंगी दोन बोटं लांबून गेली तर ती तिला कळणारही नाही.

काड्या हा पल्ला वाढवतात. रात्री ती बिळाच्या काठाशी येते, जवळचं पान, काडी किंवा शीओकची सुई तोंडाने उचलते, तिचं एक टोक काठावर टेकवते आणि रेशमाने बांधते. दुसरं टोक बाहेरच्या दिशेला मोकळं राहतं. अशा काड्या चारी बाजूंनी किरणांसारख्या पसरतात. मग शिकारीच्या वेळी ती दार किंचित उचलून पुढच्या पायांची टोकं काड्यांच्या बांधलेल्या टोकांवर ठेवून बसते. कुठल्याही काडीवर किडा चढला की कंप थेट पायापर्यंत येतो, आणि कुठल्या पायाखाली आला त्यावरून दिशाही कळते. मग झेप, पकड आणि परत आत. हे सगळं होताना तिचे मागचे पाय बहुतेक वेळा काठाला धरूनच असतात.

आता विचार करा, कोणी भोवतालचा पाचोळा झाडून काढला तर काय होईल. बीळ दिसायला तसंच राहील, झाकणही धड राहील. पण नवी काडी बांधायला काही नाही, आणि पाचोळ्यात राहणाऱ्या मुंग्या, भुंगेरे, झुरळं, वाणी हेही नाहीत. शिवाय उघडी जमीन तापते आणि पावसाच्या माऱ्याने काठ वाहून जातो. मोठी मादी काही काळ तग धरते. पिल्लं मरतात, कारण त्यांचं बीळ उथळ असतं आणि त्यांना लागणाऱ्या काड्याही बारीक असतात. मेंढ्यांच्या कळपाने तुडवलेल्या रानात नेमकं हेच घडतं. त्यात कुठलंही विष नसतं, कोळी मारायचा कोणाचा विचारही नसतो.

प्रश्न : झाकण असताना शत्रू आत शिरतोच कसा? मग तिच्याकडे उपाय काय? (पदवी विद्यार्थी, सातारा)

झाकण हे पहिलं दार, शेवटचं नव्हे. आयसोमेट्रॉइडिस वेस्कस नावाचा एक ऑस्ट्रेलियन विंचू बिळातले कोळी खाण्यातच तरबेज आहे. घोणी आत शिरतात. गांधीलमाश्यांचं वर आलंच आहे.

गायस विलोससचा उपाय विलक्षण आहे. तिच्या बिळाच्या वरच्या भागातलं रेशमी अस्तर जाड असतं आणि मातीच्या भिंतीला पक्कं चिकटलेलं नसतं. जेवणानंतर उरलेले किड्यांच्या कवचांचे तुकडे आणि कचरा ती अस्तराच्या एका कप्प्यात साठवून ठेवते. शत्रू आत येतोय असं जाणवलं की ती खाली जाते आणि अस्तर आतून ओढते. मोजा ओढून उलटा व्हावा तसं ते आत कोसळतं, साठवलेल्या कचऱ्याचं वजन त्याला खाली दाबतं, आणि वरून पाहणाऱ्याला बीळ तिथेच संपल्यासारखं वाटतं. कोळीण त्या खोट्या तळाखाली. मेन यांनी १९७८ मध्ये या जातीच्या जीवनक्रमावर लिहिलं, तेव्हा तिचं नाव अॅनिडिऑप्स विलोसस असं धरलं जाई. जुने लेख शोधताना हे नाव वापरा, नाहीतर फार थोडं हाती लागेल.

तिची नातेवाईक इडिओसोमा नायग्रम त्याच भागातली, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गहू पिकवणाऱ्या पट्ट्यातली. मेन यांनीच १९५२ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं. तिचा उपाय वेगळा आहे. पोटाचा मागचा भाग जाड, कडक, सुरकुतलेल्या कातड्याचा बनलेला असतो. धोका आला की ती डोकं खाली करून बिळाच्या अरुंद भागात सरकते आणि हा टणक भाग बुचासारखा अडकवते. माशीची नांगी किंवा विंचवाचे चिमटे त्यावर चालत नाहीत. बीळ सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत खोल जातं. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय पर्यावरण कायद्यात ही जात ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेली आहे. पूर्वी एकच जात मानल्या जाणाऱ्या या गटात प्रत्यक्षात अनेक जाती आहेत, हे २०१८ च्या वर्गीकरणातून स्पष्ट झालं. तेव्हा प्रत्येक जातीच्या वाट्याला आलेलं रान आपण समजत होतो त्याहून लहान निघालं.

प्रश्न : वर्षभराचा क्रम कसा असतो? (नागपूर)

आपल्याकडच्या पावसाळ्याची वेळ मनातून काढून टाका, तिथे ऋतू उलटे आहेत. शरद ऋतूतला पहिला चांगला पाऊस (साधारण एप्रिल-मे) पडला की जमीन मऊ होते. तेव्हाच नर फिरायला निघतात आणि आधीच्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं आईच्या बिळातून बाहेर पडून जवळपास आपापली बिळं खणतात. पिल्लं फार दूर जात नाहीत, म्हणून बिळं वस्तीसारखी एका ठिकाणी आढळतात. हिवाळा आणि वसंत हे खाण्यापिण्याचे महिने. नंतर मादी अंडी घालते, बिळाचं तोंड आतून लिंपून घेते आणि पिल्लं उन्हाळाभर आईबरोबर आतच राहतात.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. डिसेंबर ते मार्चमध्ये बंद दिसणारं बीळ मेलेलं समजू नये. आणि पाऊस उशिरा आला किंवा आलाच नाही, तर त्या वर्षीची पिल्लं कडक जमिनीत खणू शकत नाहीत. आईला पुढच्या वर्षी संधी आहे, पिल्लांना नाही.

प्रश्न : महाराष्ट्रात झाकणवाले कोळी आहेत का? कुठे शोधावेत? (अनेक वाचक)

आहेत. गायस विलोसस आणि इडिओसोमा ज्या इडिओपिडी कुळातल्या, त्याच कुळातले कोळी आपल्याकडेही आहेत. इडिऑप्स बॉम्बेएन्सिस या जातीचं वर्णन सिलिवाल, मोलुर आणि बिस्वास यांनी २००५ मध्ये केलं. पण तिकडच्या कोरड्या सपाट रानातल्या खुणा इकडे लावू नका. इथे मातीच्या उभ्या किंवा तिरक्या कडा पाहायच्या : पायवाटेच्या बाजूचा कापलेला बांध, ओढ्याची वरची दरड, झाडाच्या मुळांमधली घट्ट माती. आपल्या पावसात सपाट जमिनीवरचं बीळ तुंबण्याचा धोका जास्त.

झाकण माती आणि रेशमाचं असतं, वरून शेवाळ किंवा भोवतीचीच माती लावलेली, त्यामुळे सरळ पाहून दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात, नाहीतर टॉर्च जमिनीलगत आडवा धरून पाहा. झाकणाची कड एका अर्धवर्तुळाकार रेषेसारखी उमटते. काही जातींची झाकणं जाड, बुचासारखी तोंडात घट्ट बसणारी, तर काहींची पातळ, तोंडावर नुसती टेकलेली. रात्री नऊनंतर गेलात तर दार फटीएवढं उघडं आणि पायांची टोकं बाहेर असं दृश्य मिळू शकतं. तेव्हा पाय आपटू नका आणि लाल उजेड वापरा.

काडीने झाकण उघडून फोटो काढायची पद्धत समाजमाध्यमांवर फार बोकाळली आहे. ती बंद व्हायला हवी. कोळीण आतून दार सुळ्यांनी आणि पायांनी धरून ठेवते. जोर लावला की बिजागरी फाटते किंवा तिचा पाय तुटतो. फाटकं दार पुन्हा विणेपर्यंत ती मुंग्यांना आणि माश्यांना उघडी असते.

प्रश्न : आम्ही पर्थबाहेर पाच एकर जागा घेतली आहे. उन्हाळ्याआधी वणव्यासाठी सफाई करावी लागते. जागेत अशी बिळं आहेत. काय करावं? लहान मुलं आहेत, चावलं तर? (पर्थ)

आधी कायदा. तुमच्या नगरपालिकेची वणवा-सूचना पाळणं बंधनकारक आहे, त्यात सवलत घेऊ नका. पण सूचनेत सांगितलेली पट्टी आणि उरलेली जागा यात फरक करा. सक्तीची पट्टी सोडून बाकीच्या रानात जमीन खरवडण्याची गरज सहसा नसते.

बिळांचा शोध सफाईच्या आधी घ्या, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जेव्हा काड्यांची चक्रं ताजी असतात. प्रत्येक बिळापासून ३० सेंटिमीटर अंतरावर रंगीत खुंटी रोवा. काड्यांच्या चक्रात खुंटी आली तर नुकसान तुम्हीच केलं. गवत वरून कापा, डोझरचं पातं किंवा दाताळं लावू नका. खुंटीच्या भोवती किमान दीड-दोन मीटर पाचोळा तसाच राहू द्या. तिथला वाळलेला मोठा फाटा उचलायचा असेल तर हाताने उचला, ओढत नेऊ नका. कोंबड्या आणि बकऱ्या त्या भागात सोडू नका. कीटकनाशक फवारलं तर कोळी वाचला तरी त्याचं अन्न जाईल.

बीळ उचलून दुसरीकडे नेण्याचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा. प्रौढ मादी घरातून काढली की तिला नव्याने पूर्ण मापाचं बीळ खणणं फार जड जातं. बांधकामाची जागा टळतच नसेल तर राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवा. इडिओसोमाच्या काही जातींना कायद्याचं संरक्षण आहे.

दंशाबद्दल : झाकणवाल्या कोळ्यांचा दंश दुखतो, सूज येते, पण सहसा गंभीर नसतो. अडचण ओळखीची आहे. तिकडे मिस्युलिना म्हणजे ‘माउस स्पायडर’ हा तसाच काळा, ठेंगणा कोळी आढळतो आणि त्याचं विष धोक्याचं ठरू शकतं. त्यामुळे मोठ्या काळ्या कोळ्याने चावल्यास ओळख पटवत बसू नका. हात किंवा पाय असेल तर बोटांपासून वरपर्यंत रुंद पट्टी घट्ट गुंडाळा, खपच्या बांधून अवयव स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका आणि ००० वर फोन करा. फिरणारे नर पहिल्या पावसानंतर स्विमिंग पूलमध्ये पडतात. बुडालेला दिसला तरी हात लावू नका, तो बराच वेळ जिवंत असू शकतो.

प्रश्न : घरी काचेच्या पेटीत पाळता येईल का? (पुणे)

नाही. रानातून काढलेली मादी म्हणजे त्या वस्तीतून अनेक वर्षांची पिल्लं काढून नेणं. ऑस्ट्रेलियातून जिवंत कोळी परवान्याशिवाय बाहेर आणणं हा गुन्हा आहे.

प्रश्न : आमच्या निसर्गमंडळाला जवळच्या टेकडीवरच्या बिळांची नोंद ठेवायची आहे. पद्धत सांगा. (कोल्हापूर)

मेन यांची पद्धत साधी होती आणि ती इथेही चालते. वनखात्याची जागा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. मग एक लहान चौकोन ठरवा, समजा १० बाय १० मीटर, आणि चार कोपऱ्यांना पक्क्या खुंट्या लावा. मोठी टेकडी वरवर पाहण्यापेक्षा छोटा तुकडा गुडघ्यावर बसून पाहणं उपयोगाचं. दोरीने एक मीटरच्या पट्ट्या आखा आणि प्रत्येक पट्टी दोघांनी वेगवेगळी तपासा. पहिल्या माणसाला लहान झाकणं हमखास सुटतात. दरडीवर काम करत असाल तर चौकोनाऐवजी दरडीची ठरावीक लांबी घ्या.

प्रत्येक बिळाला न गंजणाऱ्या पत्र्याचा क्रमांक, बिळापासून ठरलेल्या अंतरावर आणि नेहमी एकाच बाजूला, समजा उत्तरेला. झाकणाची सर्वांत जास्त रुंदी व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीने) मिलिमीटरमध्ये मोजा, व्हर्नियर झाकणाच्या वर धरून, टेकवून नव्हे. नोंदीत तारीख, रुंदी, दार शाबूत की फाटलेलं, कडेला ताजं रेशीम आहे का आणि भोवती पाचोळा किती, एवढं पुरे. वर्षातून दोनदा जा, पावसाआधी आणि पावसानंतर. बंद बीळ दिसलं तर ‘बंद’ असंच लिहा. ‘मृत’ हा शब्द लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दार कुजलेलं आणि बीळ ढासळलेलं दिसल्यावरच लिहा. नेमकी ठिकाणं समाजमाध्यमांवर टाकू नका. कोळी विकणारे लोक ती वाचतात.

बहुतेकांची चूक होते ती आकडा वाचताना. एकूण बिळं पाच वर्षं तेवढीच राहिली तर वस्ती ठीक आहे असा अर्थ लावला जातो. इतकं जगणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत तो घातक आहे. म्हाताऱ्या माद्या कित्येक वर्षं टिकून राहतात आणि एकूण संख्या फारशी हलत नाही, मात्र पिल्लं येणं केव्हाच थांबलेलं असतं. म्हणून नोंदी रुंदीनुसार लहान, मध्यम, मोठ्या अशा गटांत लावा आणि लहान झाकणांच्या रकान्यावर नजर ठेवा. एखादं वर्ष तो रिकामा राहिला तर ते पावसाचं काम असू शकतं. सलग तीन-चार वर्षं रिकामा राहिला तर त्या तुकड्यातला पाचोळा, गुरांची वर्दळ आणि लावलेली आग तपासा, आणि मोठ्या माद्या जिवंत आहेत तोवर वनखात्याशी बोला.